अभ्यासकाची मुलाखत आणि सुटे झालेले वाक्य

‘मुलाखत’ हा शब्द मराठीत अरबी-फारसीच्या वाटेने आला आणि त्याचा मूळ अर्थ निव्वळ ‘भेट’ असा आहे. जुन्या ऐतिहासिक पत्रव्यवहारात दोन सरदारांची मुलाखत ‘होते’. तिथे कोणी ती घेत नाही आणि कोणी देत नाही. तुरुंगातील कैद्याला भेटायला नातेवाईक येतात, त्या भेटीलाही आजतागायत मुलाखतच म्हणतात. पुढे नोकरीसाठी उमेदवारांच्या मुलाखती सुरू झाल्या, वृत्तपत्रे आली, आकाशवाणी आणि दूरदर्शन आले, आणि या शब्दाला ‘घेणे’ व ‘देणे’ ही क्रियापदे कायमची चिकटली. भेटीत दोन्ही बाजू समान असतात. देण्याघेण्यात मात्र एक बाजू मागणारी आणि दुसरी पुरवणारी ठरते. माध्यमांना दिलेल्या मुलाखतीत आपले बोलणे स्पष्ट आणि परिणामकारक कसे होईल, या प्रश्नाचा विचार करताना शब्दार्थातील हा बदल ध्यानात ठेवणे उपयोगाचे आहे, असे मला वाटते.

हा प्रश्न साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आणि अध्यापकांनी का विचारात घ्यावा, असा आक्षेप येऊ शकतो. मुलाखत हा राजकारण्यांचा, नटांचा आणि क्रिकेटपटूंचा विषय आहे, अशी आपल्याकडे समजूत आहे. वस्तुस्थिती तशी राहिलेली नाही. २७ फेब्रुवारी जवळ आला की प्रत्येक मराठी विभागातील दूरध्वनी वाजू लागतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्या संध्याकाळी ज्यांच्या नावामागे ‘प्राध्यापक’ ही उपाधी आहे अशा अनेकांच्या समोर वाहिन्यांचे बूम आले असतील. एप्रिल ते जून २०२५ या तीन महिन्यांत पहिलीपासूनच्या हिंदीचा वाद पेटला, तेव्हाही तेच झाले. भाषेसंबंधी समाजाला काही जाणून घ्यायचे असते असे दिवस वर्षातून फार थोडे येतात, आणि त्या दिवशी ज्यांनी आयुष्यभर भाषेचा अभ्यास केला ती माणसे पडद्यावर सर्वांत कमी कळतात. त्यांची जागा मग आवाज मोठा असणारी माणसे घेतात. हे नुकसान केवळ त्या प्राध्यापकाचे नाही.

अभिजात दर्जाचेच उदाहरण पाहू. वार्ताहराचा प्रश्न ठरलेला होता: दर्जा मिळाला, आता सामान्य माणसाला काय मिळणार? या साध्या प्रश्नाला आपल्या विद्वानांचे उत्तर बहुधा ‘गाथासप्तशती’पासून सुरू होते. मग नाणेघाटचा शिलालेख येतो, मग रंगनाथ पठारे यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा अहवाल येतो, मग ‘लीळाचरित्र’ येते, आणि इथवर पोहोचेपर्यंत सूत्रसंचालकाने आभार मानलेले असतात. यातले काहीही चुकीचे नाही. ते विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर नाही, एवढेच. ज्याने प्रश्न विचारला त्याला पुरावा नको होता, परिणाम हवा होता. उत्तर असे देता आले असते: “या दर्जामुळे संशोधन केंद्र, विद्यापीठांतील अध्यासने आणि विद्वानांसाठीचे पुरस्कार यांची केंद्राकडे मागणी करता येते. शाळेत शिकणाऱ्या मुलाला त्यातून आपोआप काही मिळणार नाही. त्यासाठी राज्याला वेगळे प्रयत्न करावे लागतील.” हे बोलायला वीस सेकंद पुरतात. त्यात माहिती आहे, मर्यादेची कबुली आहे आणि पुढच्या प्रश्नाला वाटही आहे. असे उत्तर देण्यासाठी विद्वत्ता कमी करावी लागत नाही. तिचा क्रम तेवढा बदलावा लागतो.

त्याच दिवसांत विचारला गेलेला दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे: मराठी किती जुनी? याचे एका आकड्यात उत्तर देणे म्हणजे अभ्यासकाने आपल्या विद्येशी प्रतारणा करणे होय, आणि आकडा न देणे म्हणजे प्रश्न टाळणे. नाणेघाटचा लेख प्राकृतात आहे. त्यापासून मराठीपर्यंत अखंड धागा दाखवणे हा एक युक्तिवाद आहे, तो शिलालेखात कोरलेला नाही. मराठी म्हणून ओळखता येणाऱ्या आरंभीच्या लेखांत अक्षीचा शके ९३४ चा, म्हणजे इ. स. १०१२ चा, आणि श्रवणबेळगोळचा असे दोन लेख नेहमी सांगितले जातात. त्यांच्या कालनिश्चितीबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. हे सगळे कॅमेऱ्यापुढे कसे सांगायचे? मला वाटते, ‘जुनी’ या शब्दाचेच दोन भाग करून: “मराठीची पूर्वज भाषा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या लेखांत दिसते, आज आपल्याला मराठी म्हणून ओळखू येईल अशी भाषा सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या लेखांत दिसते.” ऐकणाऱ्याला दोन आकडे मिळाले, आणि ते दोन का आहेत हेही कळले. आजोबांचे वय आणि नातवाचे वय एकच नसते, हे कोणालाही समजावून द्यावे लागत नाही.

आता आपण असे का बोलत नाही, याकडे वळू. आळस किंवा अहंकार ही कारणे मला अपुरी वाटतात. खरे कारण आपल्या शिक्षणात आहे. आपल्याकडील शास्त्रीय विवेचनाची रीत पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष अशी आहे. आधी विरोधकाचे म्हणणे, शक्य तितक्या प्रामाणिकपणे आणि त्याच्याच शब्दांत मांडायचे, मग त्याचे खंडन करायचे, मग सिद्धान्त. वर्गात, ग्रंथात, चर्चासत्रात ही रीत उत्तम आहे. ती प्रतिपक्षाचा मान राखते. परंतु मुलाखतीच्या संकलनात पूर्वपक्ष हा तो मांडणाऱ्याच्याच नावाला चिकटतो. माझ्या परिचयाच्या एका प्राध्यापिकांनी एका वाहिनीला बोलींविषयी दहा-बारा मिनिटे मुलाखत दिली. बोली अशुद्ध असतात, त्यांना शाळेत जागा नको, असे अनेकांना वाटते, असा आरंभ करून त्यांनी उरलेला सारा वेळ हे मत किती निराधार आहे हे सांगण्यात घालवला. प्रक्षेपणात त्यांच्या वाट्याला काही सेकंदच आले, आणि ते सेकंद आरंभीच्या वाक्याचे होते; त्यातही ‘असे अनेकांना वाटते’ हे शब्द गळलेले. दुसऱ्या दिवशी विदर्भातून त्यांच्याच जुन्या विद्यार्थ्यांचे रागाचे फोन आले. वाहिनीने खोडसाळपणा केला असे त्या म्हणतात. मला तसे खात्रीने म्हणता येत नाही. दहा मिनिटांतून काही सेकंद निवडायला बसलेल्या थकलेल्या माणसाने सर्वांत ठसठशीत वाक्य उचलले, इतकेच झाले असण्याचा संभव अधिक. पूर्वपक्ष हा बहुधा उत्तरपक्षापेक्षा ठसठशीत असतोच, कारण त्यात शंका नसते.

येथे मराठी वाक्यरचनेचा एक प्रश्न उपस्थित होतो. माध्यमांविषयीच्या चर्चेत तो क्वचितच येतो; पण या पानाच्या वाचकांना त्यात रस वाटेल. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते, आणि नकारही बहुधा शेवटी येतो. “इंग्रजी शाळा बंद कराव्यात, असे मी म्हणत नाही.” हे अगदी घरंदाज मराठी वाक्य आहे. त्याचे शेवटचे चार शब्द कापले की बोलणाऱ्याचे मत उलटे होते, आणि कापल्याची खूण कुठेही राहत नाही. कारण ‘कराव्यात’ या क्रियापदापाशी वाक्य व्याकरणदृष्ट्या पूर्ण झालेले असते. अटींचे तसेच आहे. मराठीत अट आधी येते: “शासन पुरेसे शिक्षक देणार नसेल तर तिसरी भाषा शिकवू नये.” या वाक्याचा पुढचा भाग छाटला की उरते ‘तिसरी भाषा शिकवू नये’, आणि एका जबाबदार माणसाचे सशर्त विधान आंदोलनाची घोषणा होऊन बसते. म्हणजे नकार मागून तुटतो आणि अट पुढून तुटते. मराठी वाक्य संकलकाच्या कात्रीला दोन्ही टोकांनी उघडे असते.

यावर उपायही भाषेतच आहे. अट वाक्याच्या टोकाला न ठेवता कर्म आणि क्रियापद यांच्या मध्ये ठेवावी: “तिसरी भाषा प्रशिक्षित शिक्षकाशिवाय शिकवू नये.” या वाक्यातून अट बाहेर काढायची तर मधूनच कापावे लागेल, आणि तो सांधा कानाला कळेल. नकाराच्या बाबतीत त्याहून सोपे आहे: जे आपण म्हणत नाही ते मुळात उच्चारूच नये, जे म्हणायचे आहे ते होकारार्थी सांगावे. “प्रत्येक इंग्रजी शाळेच्या शेजारी तितकीच चांगली मराठी शाळा हवी.” यात कापायला काही उरत नाही. १७ नोव्हेंबर १९७३ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी वृत्तपत्रांच्या संपादकांसमोर आपण लबाड नसल्याचे ठासून सांगितले, आणि पन्नास वर्षे लोटली तरी त्या वाक्यातला ‘लबाड’ तेवढा लोकांच्या लक्षात आहे. इंग्रजीत नकार अलीकडे असतो, तरीही ही गत. मग मराठीत तो शेवटी ठेवून आपण किती धोका पत्करतो याचा विचार व्हावा.

अशा सावधगिरीमुळे बोलणे कृत्रिम होईल, असे कोणी म्हणेल. कीर्तनकाराला, नाटककाराला, कवीला आपण कधी असे म्हणत नाही. कोणता शब्द वाक्यात कुठे बसवायचा हा विचार म्हणजेच आपला विषय. तो कागदावर करायचा आणि तोंडाने बोलताना वाऱ्यावर सोडायचा, हे मला पटत नाही.

सुट्या वाक्याचे काय होते, याचे अलीकडच्या मराठी साहित्यव्यवहारातील सर्वांत मोठे उदाहरण भालचंद्र नेमाडे यांचे आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये त्यांना २०१४ चा ज्ञानपीठ पुरस्कार जाहीर झाला. त्याच सुमारास मुंबईतील एका सत्कारात ते जे बोलले त्यातून दोन गोष्टी बातमीत आल्या: इंग्रजी माध्यमाच्या शाळांना त्यांचा विरोध, आणि सलमान रश्दी व व्ही. एस. नायपॉल हे पाश्चात्त्यांच्या पसंतीसाठी लिहितात असा त्यांचा आरोप. रश्दींनी ट्विटरवर चिडून अपशब्दासह उत्तर दिले. ज्यांच्या पुस्तकांवर टीका करता ती वाचली तरी आहेत का, असा त्याचा रोख होता. झाले. पुढचे कित्येक दिवस एका मराठी कादंबरीकाराची देशाला झालेली ओळख म्हणजे हे भांडण. वास्तविक नेमाडे देशीयतेविषयीची आपली भूमिका १९८० च्या दशकापासून मांडत आले आहेत. ‘टीकास्वयंवर’ला १९९१ चा साहित्य अकादमी पुरस्कारही मिळालेला आहे. ती भूमिका मान्य असो वा नसो (मला स्वतःला तिच्यातला बराच भाग मान्य नाही), ती भाषा, वसाहतवाद आणि ग्रंथव्यवहार यांच्यासंबंधीचा एक सलग विचार आहे. बातमीत आली ती त्याची दोन टोके.

हे भाषण होते, मुलाखत नव्हती, हे खरे. पण सभागृहात कॅमेरा असला की भाषण आणि मुलाखत यांत फरक उरत नाही. नेमाड्यांना ज्यांनी ऐकले आहे त्यांना त्यांच्या बोलण्यातला तिरकसपणा, मुद्दाम केलेली अतिशयोक्ती आणि श्रोत्यांकडे पाहून घेतलेली फिरकी ठाऊक आहे. समोरचा श्रोता ती सूट देतो. इंग्रजीत भाषांतरित झालेली दोन ओळींची बातमी वाचणारा ती देऊ शकत नाही. तिरकस बोलण्याला आवाज लागतो, चेहरा लागतो, आधीची ओळख लागते. छापील अवतरणात यातले काहीच पोहोचत नाही. मला नेमाड्यांनी मवाळ बोलायला हवे होते असे सुचवायचे नाही. मवाळ नेमाडे कोणाला हवे आहेत? पण ज्या विचाराला पुराव्याचा आधार आहे त्याच्यासोबत एखादे उदाहरण, एखादे पुस्तक, एखादा प्रसंग त्याच वाक्यात बांधून दिला असता, तर बातमीदाराला भांडणाबरोबर थोडा विचारही उचलावा लागला असता.

आता दुसऱ्या टोकाकडे पाहू. मोठ्या कंपन्यांतील आणि राजकीय पक्षांतील माणसांना मुलाखतीचे रीतसर प्रशिक्षण दिले जाते. त्यातला मुख्य उपदेश थोडक्यात असा: तीनच मुद्दे ठरवा, प्रश्न कोणताही येवो, त्याला जेमतेम स्पर्श करून ‘खरा मुद्दा असा आहे की’ म्हणत आपल्या तीनपैकी एका मुद्द्यावर या, आणि तो पुन्हा पुन्हा सांगा. हे परिणामकारक असते याबद्दल वाद नाही. ते स्पष्ट असते का, हा प्रश्न आहे. १३ मे १९९७ रोजी बीबीसीच्या ‘न्यूजनाइट’ कार्यक्रमात जेरेमी पॅक्समन यांनी ब्रिटनचे माजी गृहमंत्री मायकल हॉवर्ड यांना एकच प्रश्न सुमारे डझनभर वेळा विचारला: तुरुंग खात्याच्या प्रमुखांचा निर्णय डावलण्याची धमकी तुम्ही दिली होती का? हॉवर्ड प्रत्येक वेळी सफाईने बोलले. त्यांची वाक्ये पूर्ण होती, शब्द मोजके होते, आवाज चढला नव्हता. आणि प्रश्नाचे उत्तर त्यांनी दिले नाही. प्रशिक्षणाच्या दृष्टीने ते बरेचसे निर्दोष होते. पाहणाऱ्याला मात्र त्यातून एकच गोष्ट कळली, ती म्हणजे या माणसाला हे सांगायचे नाही. पुढे पॅक्समन यांनी सांगितले की, पुढची चित्रफीत तयार नव्हती म्हणूनही ते तोच प्रश्न विचारत राहिले! मुलाखतीचे शास्त्र रचणाऱ्यांनी हा तपशील विसरू नये. ज्याला आपण डावपेच समजतो ते कित्येकदा केवळ रिकामी जागा भरणे असते.

अभ्यासकाने ही सफाई उचलू नये असे माझे मत आहे, आणि याला नीतीइतकेच व्यवहाराचेही कारण आहे. मंत्र्याला प्रश्न टाळून काही वाचवायचे असते. अभ्यासकाजवळ वाचवण्यासारखे फक्त एकच असते: तो विचारलेल्या गोष्टीचे उत्तर देतो हा लोकांचा विश्वास. ‘मला ठाऊक नाही’ हे वाक्य मंत्र्याला परवडत नाही. प्राध्यापकाला ते परवडते, त्याने ते वापरावे. आणि त्याला जोडून जे ठाऊक आहे ते सांगावे. वाहिनीवरच्या चर्चेत हे वाक्य इतके दुर्मीळ आहे की ते उच्चारणाऱ्याकडे लोक वळून पाहतात.

तिसरा मार्ग बोलणेच नाकारण्याचा. व्लादिमिर नाबोकोव यांना प्रश्न आधी लेखी लागत आणि उत्तरेही ते लिहूनच देत. मे १९७५ मध्ये फ्रेंच दूरचित्रवाणीवर बेर्नार पिव्हो यांच्या ‘आपोस्त्रॉफ’ या कार्यक्रमात ते आले तेव्हाही समोर रचलेल्या पुस्तकांच्या आडून कार्डांवरची उत्तरे वाचत होते. चहाच्या किटलीत व्हिस्की होती, हेही पुढे प्रसिद्ध झाले. १९५३ मध्ये ई. एम. फॉर्स्टर यांच्यापासून सुरू झालेली ‘पॅरिस रिव्ह्यू’ची मुलाखतमाला आपण वर्गात संदर्भ म्हणून वापरतो, तिच्यातल्या लेखकांना आपले बोलणे छापण्यापूर्वी तपासून दुरुस्त करण्याची मुभा असते, आणि फिलिप लार्किन यांची १९८२ ची मुलाखत तर टपालानेच झाली. म्हणजे ‘उत्स्फूर्त’ म्हणून वाचला जाणारा हा मजकूर पुष्कळदा लिहिलेला असतो. आपल्याकडे धारवाडला इंग्रजी शिकवणारे जी. ए. कुलकर्णी समारंभ आणि प्रसिद्धी कटाक्षाने टाळत. त्यांच्या पत्रांचे खंड वाचले की वाटते, त्यांनी मुलाखत द्यायची ती अशी पत्रांतून, एकेका माणसाला दिली. या लेखकांचा मला हेवा वाटतो. परंतु हा मार्ग कलावंताचा आहे. कथाकाराने आपल्या कथेविषयी मौन बाळगले तर कथा उरतेच. शासनाच्या भाषाविषयक निर्णयावर भाषेच्या अध्यापकाने मौन बाळगले तर त्या जागी उरते ती फक्त घोषणा.

येथवर सारी जबाबदारी बोलणाऱ्यावर टाकली, ती एकतर्फी आहे. मुलाखत घेणाऱ्यांविषयी सांगायचे तर मराठीला याबाबत लाज वाटण्याचे कारण नाही. ‘लीळाचरित्र’ हा मराठी गद्याचा आरंभीचा महान ग्रंथ एका अर्थाने मुलाखतींतूनच उभा राहिला आहे. म्हाइंभट गावोगाव हिंडून चक्रधरांच्या सहवासातल्या माणसांना भेटले, कोणाला काय आठवते ते ऐकले, आणि ते नागदेवाचार्यांकडून पारखून घेतले. प्रश्न विचारायचा, थांबायचे, ऐकलेले दुसऱ्याकडून तपासायचे: तेराव्या शतकातल्या या माणसाची शिस्त आजच्या कोणत्याही वृत्तकक्षात टांगून ठेवावी अशी आहे. अलीकडच्या काळात मुंबई दूरदर्शनच्या ‘प्रतिभा आणि प्रतिमा’ने किंवा जयवंत दळवींनी दहा साहित्यिकांशी केलेल्या गप्पांनी तीच परंपरा आपापल्या परीने चालवली. दळवींनी पुस्तकाच्या नावात ‘गप्पा’ हा शब्द ठेवला, हे सूचक आहे. त्यात घेणे-देणे नव्हते, भेट होती.

आजच्या वाहिनीवर तेवढा अवकाश नाही, हे मान्य करून काही गोष्टी तरी पाहुण्याला ठाऊक असाव्यात. वार्ताहर बातमी पाठवतो, पण मथळा बहुतेक वेळा कार्यालयात बसलेला उपसंपादक देतो. मथळ्याबद्दल वार्ताहराशी भांडून उपयोग नसतो. आमंत्रणाचा फोन येतो तेव्हा कार्यक्रम थेट आहे की आधी मुद्रित होणार आहे, सोबत आणखी कोण आहे, आणि साधारण किती वेळ मिळेल, हे विचारण्यात संकोच करू नये. थेट कार्यक्रमात वेळ कमी मिळतो पण वाक्य कापले जात नाही, म्हणून मला तो बरा वाटतो. ‘हे छापू नका’ ही अट सांगायची तर बोलण्यापूर्वी सांगून मान्य करून घ्यावी लागते. बोलून झाल्यावर ती विनंती ठरते. आणि ज्याला वृत्तकक्षात ‘बाइट’ म्हणतात तो शब्दशः घासच असतो. तो आपण करून दिला नाही तर समोरचा ताटातून हवा तिथून तोडून घेतो.

२०२५ च्या वादाचा उल्लेख वर केला, तो एका विशेष कारणासाठी. १६ एप्रिलच्या शासन निर्णयात मराठी व इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिली ते पाचवीसाठी हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य करण्यात आली होती. १७ जूनच्या सुधारित निर्णयात अनिवार्यतेची भाषा जाऊन हिंदी ‘सर्वसाधारणपणे’ असेल अशा आशयाची सौम्य शब्दयोजना आली, आणि दुसरी भाषा हवी असेल तर इयत्तेत किमान २० विद्यार्थ्यांची अट घालण्यात आली. २९ जून रोजी दोन्ही निर्णय मागे घेण्यात आले. मधल्या बारा दिवसांत संपूर्ण वाद एका शब्दावर उभा होता. ‘अनिवार्य’ आणि ‘सर्वसाधारणपणे’ यांत व्यवहारात काय अंतर पडते, वीस मुलांची अट लहान गावातल्या शाळेत कशी लागू पडेल, हे सांगण्यासाठी वाचन शिकवणाऱ्या माणसाहून योग्य कोण? तरीही त्या दिवसांत मी ऐकलेल्या चर्चांत भाषेच्या अभ्यासकांच्या तोंडी अस्मिता, संस्कृती आणि इतिहास हेच शब्द अधिक होते. ते इतर वक्त्यांकडेही होते, आणि त्यांचा आवाज चांगला होता.

आपल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांत प्रसारमाध्यमांसाठी लेखन नावाची प्रश्नपत्रिका अनेक ठिकाणी असते. तीत मुलाखतीचे प्रकार, स्वरूप आणि घटक यांवर टिपा लिहून मागवतात. त्याऐवजी मी गेल्या वर्षी वर्गात वरचे दोन शासन निर्णय वाचायला दिले आणि एकेका विद्यार्थ्याला समोर बसवून एकच प्रश्न विचारला: जूनमध्ये नेमके काय बदलले? वेळ चाळीस सेकंद. मोबाइलवर मुद्रण करायचे आणि इतरांनी त्यातले कोणतेही एक वाक्य कापून मथळा करायचा. पहिल्या फेरीत जवळजवळ प्रत्येकाच्या बोलण्यातून त्याच्या मताच्या उलट मथळा निघाला, आणि वर्गात हसण्याचा कल्लोळ झाला. तिसऱ्या फेरीत मागच्या बाकावरची, एरवी न बोलणारी एक मुलगी म्हणाली, “आमच्या गावच्या शाळेत चौथीत एकूण चौदा मुलं आहेत, तिथं वीस जणांची अट म्हणजे हिंदीच.” वर्गाने पुष्कळ खटपट केली. त्या वाक्यातून दुसरा मथळा कोणाला काढता आला नाही.